संत्र्याचा वास

"माह्या नवऱ्याले फसवलं, मॅडम!" उंबऱ्यातूनच दीपमाला कडाडली.

अकोल्यात खासगी तपासाचा धंदा करणाऱ्या गीतांजली वानखडेंनी खूप रडणी ऐकली होती. ही बाई रडत नव्हती, भांडत होती. शेजारी बसलेले निवृत्त हवालदार खुशालराव सावरून बसले.

तिचा नवरा सुगत बस चालवायचा. दारूपायी निलंबित झाला. "दसऱ्याले विहारात पंचशील घेतलं, तवापासून थेंब नाही. पन डेपोले दाखला पायजे, म्हून राजापेठेतल्या दारू सोडवन्याच्या केंद्रात घातलं. थे डोयाले मोठा चष्मा लावतात, चित्रं दिसतात, अन् नाडी पडद्यावर. शेवटच्या चाचनीत नाडी अशी उसळली, का डॉक्टरीनबाईनं लिवलं, 'तल्लफ कायम'. उद्या डेपोत सुनावनी हाये."

"सुगत काय म्हणतो?"

"एकच. संत्र्याचा वास आला."

खुशालराव खो खो हसले. "ताई, आपल्याकडं गुत्त्यावर संत्रा मागितला तर फळ नाही मिळत. देशी मिळते!"

"हसा!" दीपमाला फणकारली. "नोकरी तुमची नाही चालली!"



गीतांजली आणि खुशालराव अकोल्याहून दोन तासांवरच्या राजापेठेत पोचले. तिथं पूर्वी भाड्यानं सायकली मिळायच्या, त्या जागी आता काचेचं केंद्र उभं होतं. यंत्र चालवणारा प्रीतम त्यांना पाहून आधीच वैतागला.

"चाचनीच्या येळी खोलीत डॉक्टर मॅडम होत्या, नाडीचा पट्टा तपासत. अन् सुगतचा भाऊ, खुर्चीमागं. मी काचेच्या बाहेर."

"सुगत काय म्हणाला?"

"चष्मा फेकून बोंबलला, संत्र्याचा वास, संत्र्याचा वास! मी म्हटलं, संत्र्याच्या बागेत बसून का मिरचीचा वास येईन?"

"बागेत?"

प्रीतम चपापला. "मॅडमले विचारा. मले काम हाये."

सुगतचा थोरला भाऊ गोवर्धन जिन्यात तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत उभा होता.

"संत्रा म्हंजे देशीच. दारुड्याले दुसरं काय सुचते? त्याले रस्त्यावरून उचलू उचलू माही पाठ मोडली. आता सुटलो म्हना."

"हाच," खुशालराव गीतांजलींच्या कानाशी पुटपुटले. "खुर्चीमागं उभा, अन् मनात इतकं विष."

गीतांजली जिना चढू लागल्या.

डॉक्टर वर्षाली पुण्याहून नुकत्याच आल्या होत्या. त्यांनी बसा असंही म्हटलं नाही.

"दारूचा वास आल्याची त्याची तक्रार म्हणजे निव्वळ भास. चष्म्यात आम्ही गुत्ता दाखवतो, आठवण चाळवते, मेंदू वास तयार करतो. मला वेळ नाही. उद्या अकोल्यात मोठ्या केंद्रासाठी या प्रयोगाचा निकाल मांडायचा आहे."

"त्या कपाटात काय आहे?"

"पेशंट पाण्याच्या बाटल्यांतून दारू चोरून आणतात. जप्त करून कुलपात ठेवते."

"तुमच्याकडे संत्रावाले किती?"

"बागायतदार? एकही नाही. सगळे ड्रायव्हर, हमाल."

खुशालरावांना पुन्हा हसू येणार होतं. गीतांजलींनी त्यांचा पाय दाबला.

"सगळ्यांना बोलवा. सुगतलाही."

सुगतबरोबर दीपमालाही आली; खोलीत कुणी कुणाकडं धड पाहीना.

"चष्मा डोळे झाकतो, कान झाकतो," गीतांजली म्हणाल्या. "नाक उघडंच राहतं. त्या नाकाशी कुणीतरी दारूत भिजवलेला कापसाचा बोळा धरला. सुगत, तुला चष्म्यात काय दिसायचं?"

"बाग. रोज संत्र्याची बाग."

"गुत्ता?"

"कधीच नाही."

"मग आठवण चाळवली कशानं? डॉक्टर, तुम्ही अर्ध्या लोकांना गुत्ता दाखवून नकार द्यायचा सराव देता. उरलेल्यांना, तुलनेसाठी, नुसती बाग. बरोबर ना, प्रीतम?"

प्रीतमनं मान खाली घातली.

"बागवाला सुगत दसऱ्यापासून थेंब न घेता गुत्तावाल्यांच्याही पुढं गेला. मग तुमचा गुत्ता काय कामाचा? त्याला नापास करणं तुम्हाला भागच होतं."

"खुर्चीमागं त्याचा भाऊही होता!" डॉक्टर ओरडल्या.

"होता. पण दारूच्या कपाटाची किल्ली तुमच्याकडं. अन् सुगतनं दारूचं नाव घेतलंच नव्हतं. तो म्हणाला, संत्र्याचा वास. प्रीतम इथलाच, पण चष्म्यातली बाग त्याला ठाऊक, म्हणून त्यानं फळच धरलं. गोवर्धननं देशी धरली, कारण वऱ्हाडात संत्रा म्हणजे देशी. तुम्हाला तो अर्थ माहीत नाही, मघाशी तुम्ही बागायतदार समजलात. मग संत्र्याच्या बागेतल्या माणसाला संत्र्याचा वास आला, तर तो दारूचा, हे तुम्हाला कुणी सांगितलं? बोळा धरणाऱ्यालाच ते ठाऊक!"

डॉक्टरांनी टेबलावरचा दाखल्याचा कोरा कागद पुढं ओढला. मग त्या थंडपणे म्हणाल्या, "दाखला देते. विषय संपवा."

"उद्या अकोल्यात हे सगळं मी सांगणारच आहे," गीतांजली म्हणाल्या.

"थांबा." सुगत उठला. "म्हंजे माहा इलाज केलाच नाही? मंग दाखला कायचा घेऊ? बस भरून मानसं नेतो मी. बाकीच्यायले दावता थे मले दावा."

"काहून अंगावर घेता?" दीपमाला किंचाळली. "देऊन राह्यली ना ते कागद!"

"लाव रे प्रीतम. गुत्ता लाव."

चष्मा चढला. पडद्यावरची रेघ चढू लागली, चढतच गेली. सुगतच्या मुठी वळल्या, कपाळ घामानं भिजलं. शेकडो दारुडे ओढून नेलेले खुशालराव पडद्याजवळ सरकले. गोवर्धननं नकळत भावाच्या खांद्यावर हात ठेवला.

"नाही," सुगत म्हणाला. पुन्हा म्हणाला, मोठ्यानं.

रेघ थबकली. मग हळूहळू उतरली.

सुगतनं स्वतःच चष्मा काढला.

"अजून हाये थे," तो धापा टाकत म्हणाला. "आंदर बसूनच हाये. पन मी उठून आलो."

दीपमालानं दाखल्याचा तो कोरा कागद डॉक्टरांपुढं सरकवला.

"हेच लिवा."