सहावं भोक

हे मी मनाचं लिहीत नाहीये. मनाचं लिहायचं असतं तर स्वतःला जरा बरं दाखवलं असतं.

चौदा जानेवारी. दुपारचे चार. थंडी उणे बावीस अंश. रिद्देर गावाच्या वरच्या अंगाला आमचं नेमबाजीचं मैदान आहे, तिथे.

मी बालझान, दहावीत आहे. बायथलॉन खेळते, म्हणजे पाठीला रायफल बांधून स्कीवर धावायचं, मध्येच थांबून पाच निशाणे पाडायचे, परत धावायचं. दोन वर्षांपूर्वी कुणी नाव विचारलं तरी मी बुटांकडे बघायचे. आता अख्ख्या वसतिगृहात माझाच आवाज!

ज्युनियर संघात एकच जागा उरली होती. एकतर मला, नाहीतर झाउरेला. झाउरे माझी खोलीतली मैत्रीण. जिला जागा मिळणार नाही तिचं वसतिगृह सुटणार, खेळ सुटणार. सरळ घरी.

"तूच घरी जा गं," झाउरे म्हणायची. "तुझी आई बाउरसाक झकास तळते. मला डबा पाठव."

"तू जा. तुझ्या मेंढ्या तरी वाट बघतायत."

दोघी हसायचो. मग दिवा घालवला की दोघींना झोप नसायची.

तर त्या दिवशी मला काडतुसं निवडायची होती.

पॉइंट बावीसच्या रायफलीचं असं असतं... काडतूस एकाच कारखान्याचं, एकाच नावाचं, तरी प्रत्येक लॉट वेगळा वागतो. कुठल्या नळीला कुठला मानवेल ते आधी सांगता येत नाही. थंडीत तर नाहीच नाही. म्हणून रायफल शिकंज्यात आवळायची आणि प्रत्येक लॉटची पाच-पाच काडतुसं पन्नास मीटरवरच्या कागदावर झाडायची. ज्याची भोकं सगळ्यात जवळ, तो लॉट आपला.

पाव्हलिच हे करतो. शाळेच्या सगळ्या रायफली तोच जुळवतो, तोच दुरुस्त करतो. माझी नवी रायफलही त्यानंच बांधून दिलेली. दस्ता माझ्या खांद्याच्या मापाचा, गालाची पट्टी माझ्या गालाची, नळी तेवढी जुनी.

पहिला लॉट पसरला.

दुसरा बरा होता.

तिसरा...

पाच आवाज झाले. पाच रिकाम्या पुंगळ्या ट्रेमध्ये पडल्या. कागद आणला, तर भोकं एकमेकांत घुसलेली! अंगठ्याच्या नखाखाली झाकली जातील इतकी.

"हाच! पाव्हलिच, हाच माझा!"

तो कागदावर वाकला होता. पेन्सिलीच्या टोकानं मोजत होता.

"सहा," तो म्हणाला.

घोळक्याच्या बरोबर वर... आणखी एक भोक होतं.

"शेजारच्यानं मारलं असेल," मी म्हणाले.

शेजारी कुणीच नव्हतं. सगळं मैदान रिकामं.

त्यानं नवा कागद लावला. या वेळी मी मोठ्यानं मोजलं. एक. दोन. तीन. चार. पाच. पुंगळ्या पाच.

भोकं सहा.

त्यानं पट्टी लावली. "सात मिलिमीटर वर. हे गरम काडतुसाचं भोक आहे, पोरी. गार काडतूस खाली मारतं, गरम वर. खिशात ठेवलं होतंस ना?"

"तुमच्यासमोर तासभर बर्फात आहेत सगळी!"

"मग हे कुणाच्या तरी अंगाच्या उबेतलं आहे," तो म्हणाला. शिकंजा सैल करत पुटपुटला, "दुसरा लॉट घे."

"का? तिसरा निम्म्यानं घट्ट आहे."

"घे म्हणतो ना."

मी ऐकलं नाही. हल्ली मी कुणाचंच ऐकत नाही. निवड-शर्यत नऊ दिवसांवर होती आणि झाउरेचे निशाणे माझ्यापेक्षा चांगले पडत होते.

तिसऱ्या लॉटचे चारच डबे उरले होते. चारही मी घेतले.

रोज सरावाआधी रायफलीचा नेम लावून घ्यायचा. पाच गोळ्या, मग तोलेगेन आगाय दुर्बिणीतून बघून ओरडणार, "एक क्लिक डावीकडे! खाली दोन!" आगाय आमचे प्रशिक्षक. त्यांनी सहावं भोक कधी धरलंच नाही. शेजारच्याचं समजून सोडून द्यायचे.

मी मात्र कागद घरी... म्हणजे खोलीवर आणायचे. पट्टी लावायचे.

सहा मिलिमीटर.

पाच.

साडेतीन.

ते भोक रोज खाली येत होतं.

माझ्या पाचांच्या दिशेनं.

सहाव्या दिवशी कागद पलंगावर ओळीनं मांडले. गरम काडतूस वर मारतं. म्हणजे हे काडतूस...

रोज थोडं थोडं गार होत होतं.

मी धावत पाव्हलिचच्या खोलीवर गेले. तो बोल्टला तेल देत होता.

"ही नळी कुणाची होती?"

"शाळेची."

"पाव्हलिच!"

त्यानं फडकं खाली ठेवलं. "दस्ता पोरीचा, नळी शाळेची, आमच्याकडे असंच असतं. दस्ता तिच्या आईला दिला. नळी शाळेतली सगळ्यात चांगली होती. चांगली नळी कुणी पुरत नाही."

म्हणजे राउशान. आमच्याच शाळेची. दोन हिवाळ्यांपूर्वी वरच्या वाटेवर सरावाला गेली आणि वादळात सापडली. तिसऱ्या दिवशी मिळाली, गोठलेली. एवढं मलाही माहीत होतं. पुढचं नव्हतं.

"काडतुसं हातमोज्यात धरायची," पाव्हलिच म्हणाला. "तळहाताशी. बोटं गारठली की तेवढीच ऊब वाटते म्हणे. मी शंभरदा रागावलो, अगं, तुझा नेम वर जातो. ऐकायची नाही. तुझ्यासारखीच. मिळाली तेव्हाही हातमोज्यात पाच होती."

"आणि लॉट?"

"तिच्यासाठीच निवडला होता मी."

मी दुसरा लॉट मागायला हवा होता. तो द्यायलाही तयार होता, डबा काढून पुढे केला त्यानं.

मी घेतला नाही. तिसरा घट्ट होता. मला जागा हवी होती.

शर्यतीच्या सकाळी रायफल लावली. पाच गोळ्या. कागदावर एकच फाटकं भोक. वर काही नाही. बाजूला काही नाही.

"अशी पाहिजे!" आगाय ओरडले. "हात लावू नकोस आता!"

मला माहीत होतं. ते गेलं नव्हतं... आत येऊन बसलं होतं.

झोपून मारलेले पाचही पडले. शेवटचा डाव उभ्यानं. मी आणि झाउरे एकदमच आलो. ती माझ्या डावीकडच्या जागेवर. तिचा एक चुकला, मला दिसलं. म्हणजे दंडाचा एक फेरा, पंचवीसेक सेकंद, तिला जास्त.

माझा पहिला पडला. दुसरा. तिसरा. चौथा.

पाचव्याला माझा पाय थरथरला. चाप ओढताना रायफल हलली. मला स्पष्ट कळलं. ज्यानं कधी नेम धरलाय त्याला हे कळतं, गोळी कुठे गेली ते बघायची गरज नसते. गोळी उजवीकडे बर्फात गेली. बर्फ उडालेलासुद्धा मी पाहिला.

मग...

आवाज नाही. काही नाही.

पाचवा निशाणा पडला.

मी अकरा सेकंदांनी जिंकले.

आगायनी मला उचलून घेतलं. दुपारी सगळ्यांनी कँटीनमध्ये माझ्या नावानं चहा प्यायला. मी नेहमीसारखी बडबडले, उलट जास्तच.

तिसऱ्या दिवशी झाउरे निघाली. मी तिची पिशवी धरून बसथांब्यावर गेले. मला रडू फुटलं.

"वेडी आहेस का? जिंकलीस तू, आणि रडतेस पण तूच? मला काहीतरी ठेव की करायला."

बस आली. तिनं एक पाय पायरीवर ठेवला आणि थांबली.

"बालझान, एक विचारू? त्या शेवटच्या गोळीला तू चाप ओढलास, मी तुझ्याकडे बघत होते. श्वास रोखला होतास. तो सोडलासच नाहीस..."

"मग?"

"मग श्वास कुणी सोडला गं? आपल्या दोघींच्या मध्ये?"

तेव्हा तिला एवढंच सांगायचं होतं मला. माझा निशाणा चुकला होता. दंडाचा फेरा माझा होता, जागा तिची होती. ओठावर आलं होतं.

ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

"वारा असेल," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे बघितलं. जरा जास्त वेळ. मग आत जाऊन बसली. खिडकीतून हात केला नाही.

आज मंगळवार. गुरुवारी संघाची गाडी आहे. काल आगायना म्हटलं, मला दुसरी नळी द्या. ते हसले. "जिंकणारी नळी कुणी बदलतं का?"

आता खोलीत मी एकटीच आहे. झाउरेचा पलंग रिकामा. गादी गुंडाळून ठेवलीय, चादर नाही, उशी नाही.

पण दिवा घालवला की त्या बाजूनं... कुणीतरी श्वास रोखून धरल्यासारखं वाटतं.

मी वाट बघत पडते.

तो सुटत नाही.