खरवडलेला चेहरा

यातलं एक अक्षरही पदरचं नाही. हे माझ्या आत्याच्या यजमानांच्या, विश्रामरावांच्या बाबतीत घडलंय.

१९५४ चा मे महिना. ठाण्याच्या खाडीजवळचं जुनं गोदाम. भर दुपार.

आत जॅझ बँडचं रेकॉर्डिंग होतं. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गाद्या टांगलेल्या. विश्रामरावांचा टेंभी नाक्यावर फोटो स्टुडिओ. वादकांचा फोटो रेकॉर्डच्या पाकिटावर येणार आणि खाली विश्रामरावांचं नाव! स्वारी नुसती हवेत होती.

रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला की कॅमेरा बंद. क्लिकसुद्धा रेकॉर्डमध्ये उतरतो. म्हणून फोटो त्यांनी आधीच काढून घेतला.

बँडचा म्होरक्या पास्कू, ट्रंपेटवाला. शेजारची खुर्ची रिकामी. ती सॅक्सोफोनवाल्या इनासची. महिन्यापूर्वी तो खाडीत बुडाला. होडीत दुसरा फक्त पास्कू होता. आणि आजची चाल इनासची असूनही पास्कू ती स्वतःची म्हणून वाजवणार होता.

लाल दिवा लागला...

आणि सॅक्सोफोन ऐकू आला.

सगळ्यांचे हात थांबले. तो थांबला नाही.

संध्याकाळी स्टुडिओत निगेटिव्ह धुतली. पास्कूही बघायला आला होता. खुर्चीवर इनास बसलेला... ओलाचिंब. नजर पास्कूवर.

"खरवड त्याला!" पास्कू ओरडला.

"अरे, मेलेल्या माणसाचा चेहरा आहे रे तो."

"मग तुजं नाव छापायचं नाय."

निगेटिव्हवरचा डाग ब्लेडने काढायची तेव्हा रीतच होती. विश्रामरावांनी चेहरा खरवडला. नावापायी.

प्रिंट काढली. चेहऱ्याच्या जागी काळा डाग.

पण इनास आता उभा होता... हात पास्कूच्या गळ्यावर.

दुसऱ्या दिवशी लाल दिवा लागला. पास्कूने ट्रंपेट तोंडाला लावलं. सूर आला नाही. पाणी आलं. खारं पाणी... त्या कोरड्या गोदामात पास्कू सगळ्यांदेखत बुडून मेला.

उरलेल्या वादकांनी वाजवलं, रेकॉर्ड निघाली. इनास आणि पास्कूकडचा भाग कापून तोच फोटो छापला. खाली नाव, ठळक.

त्या दिवसापासून विश्रामरावांच्या प्रत्येक फोटोत त्यांच्याच चेहऱ्यावर ब्लेडचे ओरखडे. जुन्या फोटोंतसुद्धा. अगदी लग्नाच्याही.

आता ते गेले. हार घालायला घरात एक धड फोटो नाही. भिंतीवर ते पाकीटच लावलंय, नावाचं.

परवा आत्या रडत म्हणाली, "चेहरा आठवत नाही रे मला त्यांचा."

मी समजूत घालायला तोंड उघडलं...

त्यांच्या मांडीवर वाढलोय मी. मलाही आठवेना.