खोटी गिऱ्हाइकं

तृप्ती योगेशच्या मिसळीच्या दुकानात शिरली ती श्रावणसरीत भिजून. ओढणी पिळली आणि पहिलाच प्रश्न केला,
"संडासाची टाकी कुठंय तुमची?"

आता असल्या प्रश्नावर कुणी प्रेमात पडतं का? हा गडी पडला.

पिंपळगावच्या हायवेवरची हॉटेलं, गॅरेजं यांच्या टाक्यांतून आणि पावसाच्या पाण्यातून जमिनीत किती नायट्रेट मुरतं, आसपासच्या विहिरींना ते किती बाधतं, याचा अंदाज ती भूजल खात्यासाठी काढत होती. जितकी माणसं तितकं सांडपाणी, असा साधा हिशोब. म्हणून तिनं रोजची गिऱ्हाइकं विचारली. पोरीवर छाप पडावी म्हणून योगेशनं चौपट आकडा ठोकून दिला.

छाप पडली, पण भलतीच. त्याचं एवढंसं दुकान अख्ख्या रस्त्यावर सगळ्यात घाण ठरलं. तृप्ती चक्रावली. शेजारच्या विहिरीचं पाणी तर चांगलं निघत होतं, मग एवढं नायट्रेट जातंय कुठं? ते शोधायला ती पुन्हा पुन्हा येऊ लागली. पन्हळीखाली बाटली धरायची, ओल्या बटा कानामागे सारून बाटलीवर तारीख लिहायची. योगेश तिच्यावर छत्री धरून स्वतः चिंब व्हायचा.
"तुम्ही भिजताय," ती म्हणायची.
"तुमच्या बाटलीत पाणी कमी पडायला नको... म्हणून."
ती हसायची. ती यायची नाही त्या दिवशी मात्र त्याचा जीव थाऱ्यावर नसायचा. हायवेवर स्कूटी वाजली की हातातला झारा तसाच राहायचा.

एके दुपारी ती आली, पण बाटली काढेना. तिचंच मोजमाप चुकतंय असं खात्यातल्या साहेबांना वाटत होतं, काम दुसऱ्याकडे द्यायचं चाललं होतं. तिचे डोळे भरून आले होते. खरं सांगितलं तर तिचं गणित जुळणार होतं, आणि मग तिनं इथं यायचं काही कामच उरणार नव्हतं.

"मॅडम... तो आकडा खोटा होता. एवढी गिऱ्हाइकं आपल्याकडं कधीच येत नाय."
"मग आधी का नाही बोललात?"
"तुमचं येणं बंद झालं असतं—"

तिनं स्कूटी सुरू केली आणि निघून गेली. आठवडे गेले. पाऊस ओसरला, द्राक्षबागांची छाटणी सुरू झाली, आणि योगेशचं मन कशातच लागेना. आपल्याच हातानं आपण तिला घालवलं, हे त्याला रोज नव्यानं टोचत राहिलं.

मग एका सकाळी ती आली. सोबत टोपी घातलेले एक वयस्कर गृहस्थ. योगेश घाईघाईनं हात पुसत पुढं झाला. तृप्ती त्याच्याकडे बघत होती, बोलत मात्र त्या गृहस्थांशी होती.
"बाबा, हे योगेश. यांनी खरं सांगितलं म्हणून माझं काम टिकलं. यांनी विचारलं तर... मी हो म्हणणार आहे."

योगेशनं तिथंच, बाबांच्या देखत, विचारलं.