पौर्णिमेला येणारे ग्यानबा

“पौर्णिमा आली की मामाजी येतात,” धम्मदीपा म्हणाली. “आन् मोठे भाऊजी म्हंतात, मीच आत्याबाईले कायतरी चारून राह्यली.”

किन्हीराजातल्या त्या घरात तिचे सासरे ग्यानबा यांना जाऊन चार महिने झाले होते. तरी दर पौर्णिमेला आणि अष्टमीला दिवेलागणीच्या सुमारास तिची सासू लिलाबाई दाराकडे पाहत मृत नवऱ्याशी बोलू लागे. मागच्या वेळी ती बेशुद्धच पडली. थोरल्या मुलाने, प्रसेनजितने, बजावले होते : आजच्या पौर्णिमेला पुन्हा तसे घडले तर उद्या भावजयीविरुद्ध पोलिसांत तक्रार. धम्मदीपाचा नवरा सुरतेला कामाला होता. तिच्या बाजूने बोलणारे घरात कोणी नव्हते.

म्हणून तिने वाशीमहून रत्नमाला इंगोले यांना बोलावले. विमा कंपन्यांसाठी आजारपणाची कागदपत्रे तपासण्यात त्यांची पंधरा वर्षे गेली होती. आता त्या खासगी चौकशा करत. जीप चालवणारा विनोद सोबत होता, विश्वासू आणि सदा भुकेला.

प्रसेनजित अंगणात स्वतःची पाण्याची बाटली घेऊन बसला होता. “हिच्या हातचं पानी मी पीत नाही. आईजवळ बी हिले फिरकू देत नाही. सकाळच्या जेवनात धोतऱ्याचं बी घालत असंल.”

“झटका येतो तेव्हा अंग कसं असतं?” रत्नमालांनी विचारले.

“थंडगार. घामानं लुगडं भिजते, हात थरथरतात. सोनीबाई शेजारीन लिंबू-साखरेचं पानी पाजते, मंग भूत उतरते.”

धम्मदीपाने उरलेले सांगितले. “पौर्णिमा-अष्टमीले आत्याबाई अष्टशील पाळतात. बाराच्या आत एकदा जेवन, मंग दुसऱ्या सकाळपर्यंत काही नाही. गोळी फक्त ब्लडप्रेशरची. शुगर मामाजीले होती, यायले नाही.”

“बाप्पा!” विनोद पुटपुटला. “माहं एक जेवन चुकलं तर मले जिते माणसं बी ओळखू येत नाहीत.”

रत्नमाला त्याच्याकडे पाहतच राहिल्या. “गावातल्या आशा सेविकेकडे शुगर तपासायचं यंत्र असेल. पळ.”

लिलाबाई ग्यानबांच्या फोटोखाली बसली होती. फोटोच्या चौकटीवर धूळ होती. समोरच्या पत्र्याच्या डब्याचे झाकण मात्र लख्ख होते.

“थे येतात तवा भेव वाटत नाही, पोरी. दारात उभे राह्यतात. बोलत नाहीत.”

“हा डबा?”

“त्यायचा. चष्मा हाये, ताकदीच्या गोळ्या हायेत.”

रत्नमालांनी डबा उघडला. चष्मा, आणि गोळ्यांच्या चार पट्ट्या; एक निम्मी रिकामी.

उन्हे उतरली. लिलाबाईच्या कपाळावर घाम डवरला. तिने पदर सावरला आणि उघड्या दाराकडे पाहून म्हणाली, “आले काय? चपला बाहेर काढा ना.”

यंत्र घेऊन नुकत्याच आत आलेल्या विनोदने दचकून मागे पाहिले.

रत्नमालांनी लिलाबाईच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला. आकडा उमटला : चव्वेचाळीस. सत्तरच्या खाली धोका असतो. त्यांनी साखरेचे पाणी घोटाघोटाने पाजले. काही वेळाने लिलाबाईची नजर स्थिर झाली.

“धोतऱ्यानं अंग कोरडं आणि गरम होतं,” रत्नमाला आत आलेल्या प्रसेनजितला म्हणाल्या. “इथे गार घाम होता. शिवाय कुठलं विष साखरेनं उतरतं, प्रसेनजित? साखरेनं उतरते ती घसरलेली रक्तशर्करा. डॉक्टर त्याला हायपोग्लायसेमिया म्हणतात. मेंदूला साखर मिळाली नाही की माणूस नसलेलं पाहतो.”

“पन आईले शुगर नाही!”

“म्हणूनच. त्या डब्यातली गोळी मधुमेहाची आहे. ती ताकद देत नाही, साखर खाली आणते. ग्यानबांची साखर वाढलेली असायची. ती उतरली की त्यांना हुशारी वाटे. लिलाबाईंची साखर मुळात बरोबर. एरवी दुपारचा चहा, संध्याकाळचं खाणं सांभाळून घेतं. उपोसथाला, म्हणजे अष्टशीलाच्या दिवशी, दुपारनंतर पोट रिकामं असतं. धूळ न बसलेला डबा रोज कोण उघडतं, आई?”

लिलाबाईने मान खाली घातली. “सकाळी त्यायच्या टायमाले एक घेतो. फेकू कशा? दवाखान्यात दिवस दिवस लाइनीत उभे राहून आनल्या त्यायनं.”



“जीप काढ, विनोद. या गोळीचा असर लांबतो, रात्रीतून साखर पुन्हा पडेल. दवाखान्यात ठेवायला हवं.”

पट्ट्या रत्नमालांनी पिशवीत टाकल्या. चष्मा डब्यात तसाच राहू दिला.

प्रसेनजितने आईला उचलून जीपमध्ये बसवले. मग भावजयीकडे न पाहताच तो म्हणाला, “धम्मदीपा, मांगं आईजवळ तूच बस. पानी पाजत राह्य.”

धम्मदीपाने पेला पुढे केला.

“म्हंजे आता थे येनार नाहीत?” लिलाबाईने विचारले.

जीप वळली. चंद्र वर आला होता. लिलाबाईने मागे वळून घराचे दार पाहिले. तिथे कोणी नव्हते. बराच वेळ ती पाहत राहिली, मग तिने धम्मदीपाच्या हातून एक घोट घेतला.