चाळीस पत्ते आणि एक पुसट प्रत

"चार चिनगारी, चार सूखी घास, चार लू," ऋचा मोजत होती. "आणि अग्निसम्राट बाहेर."

"बाहेर?" अनीशने तो चमचमता पत्ता छातीशी धरला. "या एका पत्त्यासाठी मी सहा महिने पाकिटं फोडलीत."

"त्याला मैदानात आणायला सहा लाकडं लागतात. तेवढी जमेपर्यंत समोरचा आपल्याला घरी पाठवतो. मग हा नुसता हातात बसून चमकणार."

शाळेत गणित शिकवणाऱ्या पूर्णिमाआत्याच्या सयाजीगंजातल्या घरी, पंख्याखालच्या फरशीवर हा वाद गेले तीन दिवस चालू होता. खेळाचं नाव 'पंचतत्त्व'. प्रत्येकाचा डेक चाळीस पत्त्यांचा, आणि एकच पत्ता जास्तीत जास्त चारदा घेता येणार. बडोद्यातली बहुतेक मुलं मिळेल तो चमकता पत्ता डेकमध्ये कोंबायची. ऋचाचं म्हणणं उलटं होतं. साधेच पत्ते घ्यायचे, पण प्रत्येक चार-चार, म्हणजे कसेही पिसले तरी हातात कामाचं काहीतरी येतंच. एवढे पत्ते एकट्याकडे नव्हते, म्हणून ऋचा, तिचा आतेभाऊ उत्कर्ष आणि वर्गमित्र अनीश यांनी आपापले पत्ते एकत्र केले होते.

आणि हा डेक जिंकायलाच हवा होता. अनीशचे बाबा कोयलीच्या रिफायनरीत होते आणि जूनमध्ये त्यांची मथुरेला बदली होणार होती. रविवारी खेळण्यांच्या दुकानात तिघातिघांच्या संघांची स्पर्धा होती; प्रत्येक संघाचा एक डेक आणि खेळायला एकजण. जिंकणाऱ्या संघातले तिघे दिवाळीच्या सुट्टीत अंतिम फेरीसाठी मुंबईला जाणार होते, तेही तिकिटासकट. जिंकलं तर दिवाळीत भेट नक्की. हरलं तर कधी, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. असलं काही तिघांपैकी कुणी मोठ्याने बोलत नसे, पण अग्निसम्राट शेवटी निमूटपणे बाहेर गेला तो त्यामुळेच.

शुक्रवारी ते सरावाला दुकानात गेले. अलकापुरीतला पार्थिव तिथे डेक घेऊन बसलाच होता. "चालो, एक गेम थई जाय," तो म्हणाला आणि त्याने पाच मिनिटांत ऋचाचा धुव्वा उडवला. तिने चिनगारी टाकली की त्याची बरसात तयार. एकदा नाही, चारदा!

"चार बरसात कोण ठेवतं?" बाहेर आल्यावर ऋचा म्हणाली. "बरसात फक्त आगीवर चालते. बाकी कुठल्याही डेकपुढे तो पत्ता फुकट. आपण आगीचा डेक लावलाय हे त्याला कळलं कसं?"

उत्कर्षने अनीशकडे पाहिलं. "कुणीतरी सांगितलं असणार. ज्याला जूनमध्ये निघूनच जायचंय, त्याला काय!"

अनीशचा चेहरा लालबुंद झाला. तो सायकलवर बसून निघून गेला. ऋचाला उत्कर्षचा भयंकर राग आला, आणि क्षणभर तीच शंका आपल्याही मनात आली म्हणून स्वतःचाही.

त्या संध्याकाळी ती वही उघडून बसली. तिघांची नावं घातलेली डेकची यादी या वहीत होती आणि वही तिच्या दप्तरात. स्पर्धेत तीन परीक्षकांना तीन याद्या द्यायच्या, म्हणून बुधवारी कोपऱ्यावरच्या मयंकभाईंकडे तिने झेरॉक्स काढल्या होत्या. तीन? छे, चार! पहिली प्रत पुसट आली म्हणून मयंकभाईंनी ती बाजूला टाकली होती आणि पुन्हा काढून दिली होती. ती पुसट प्रत गेली कुठे?

शनिवारी सकाळी तिने अनीशला फोन करून बोलावलं आणि तिघं मयंकभाईंच्या दुकानासमोर उसाच्या रसाचे पेले धरून उभे राहिले. दोघं मुलगे एकमेकांकडे पाठ करून रस पीत होते. मयंकभाई फोनवर गप्पा मारता मारता प्रती काढत होते. बिघडलेली प्रत आली की न बघताच ती काउंटरखालच्या खोक्यात जायची. दहाच्या सुमारास शेजारचा खारी शिंगवाला, म्हणजे खारे शेंगदाणे विकणारा, आला आणि खोक्यातला गठ्ठा उचलून आपल्या गाडीवर घेऊन गेला, पुड्या बांधायला.

थोड्या वेळाने कॉम्प्युटर क्लासला जाणारा पार्थिव गाडीपाशी थांबला. शिंग घ्यायच्या आधी तो कागदांचा गठ्ठा चाळू लागला, जणू काही त्याला स्वच्छ कागदाचीच पुडी हवी होती. हवं ते मिळालं नसावं. तोंड वाकडं करून, शिंग घेऊन तो गेला.

"म्हणजे बुधवारी त्याला आपली यादी पुडीतून मिळाली," अनीश हळूच म्हणाला, "आणि आता तो रोज शोधतोय."

उत्कर्षने एक पुडी विकत घेतली, सोडली आणि दाणे हातातून खाली सांडले. "आईचं अक्षर! हा तिचा नववीच्या येत्या फेरपरीक्षेचा गणिताचा पेपर आहे." त्याने कागद घडी करून खिशात घातला आणि मग तो अनीशकडे वळला. "काल मी मूर्खासारखं बोललो. सॉरी."

"मूर्खासारखंच बोललास," अनीश म्हणाला. "चल, रस पाज आता."

रस पिता पिता ऋचाला युक्ती सुचली. याद्या रविवारी सकाळपर्यंत द्यायच्या नव्हत्या, म्हणजे डेक बदलायला अजून वेळ आहे असंच पार्थिवला वाटणार. घरी येऊन तिने दुसरी यादी लिहिली. वर तिघांची नावं आणि 'नवा डेक', आणि खाली सगळे पाण्याचे पत्ते. लिहिली तीही मुद्दाम फिकट पेन्सिलीने.

"हे खोटं बोलणं नाही का?" अनीशने विचारलं.

"आपण कुणाला काही सांगतोय कुठे? तो दुसऱ्याचे कागद वाचतोय. वाचू दे की."

मयंकभाईंनी प्रत काढली आणि डोकं हलवलं. "बेन, आ तो बहु झांखी आवी. पेनथी लखी लावो ने."

"बरं मयंकभाई, पेनाने लिहून आणते," ऋचा गरीब चेहरा करून म्हणाली. पुसट प्रत खोक्यात पडली, खोक्यातून गाडीवर गेली, आणि संध्याकाळी क्लासहून परतणाऱ्या पार्थिवने ती ओढून काढून खिशात घातली. रसवाल्याच्या बाकामागे तीन तोंडं हातांनी घट्ट दाबलेली होती.

रविवारी पार्थिव आणि ऋचा अंतिम सामन्यात समोरासमोर आले. तिने पहिलीच चिनगारी टाकली आणि पार्थिवचा चेहरा उतरला. "शुं यार, आग?" त्याच्या हातात बांध होते, पाणी अडवणारे. आगीपुढे त्यांचा काय उपयोग! तरी तो कच्चा खेळाडू नव्हता. एक बरसात त्याने डेकमध्ये ठेवली होती, आणि ऐन रंगात आलेल्या डावात तिने ऋचाचे मैदानातले तिन्ही पत्ते धुऊन नेले. मागे उत्कर्षने अनीशचा दंड घट्ट धरला.

तिने पत्ता उचलला. चिनगारी. पुढच्या वेळी सूखी घास, मग लू. साधेसुधे पत्ते, पण एकामागून एक येतच राहिले. पार्थिव हातातले दोन चमकते महारथी धरून बसला होता आणि त्यांना मैदानात आणायला लागणारे पत्ते काही केल्या येत नव्हते. आणखी तीन खेळींनंतर त्याने पत्ते खाली ठेवले.

"सरस डेक छे," तो म्हणाला, आणि मनापासून म्हणाला.

घरी आल्यावर उत्कर्षने तो चुरगळलेला पेपर आईपुढे ठेवला आणि सगळी हकीकत सांगितली. पूर्णिमाआत्या आधी पांढरीफटक पडली, मग चप्पल घालून तडक मयंकभाईंकडे गेली. कान धरून त्यांनी कबूल केलं, की यापुढे बिघडलेली प्रत गिऱ्हाइकासमोर फाडायची. परत आल्यावर आत्या नवा पेपर काढायला बसली.

"पंचवीस वर्षं मी पेपर काढतेय," ती म्हणाली, "पण बिघडलेली प्रत कुठे जाते हे मी एकदाही विचारलं नाही. तुम्ही शोधून काढलंत. शाबास रे पोरांनो. मला खरंच तुमचा अभिमान वाटतो."

आत फरशीवर उत्कर्ष आणि अनीश पत्त्यांचे तीन ढीग लावायला बसले होते, ज्याचे त्याला. ऋचाने सगळे पत्ते ओढून घेतले, एकत्र केले आणि अनीशच्या हातात दिले.

"हे तू ने. सगळे."

"सगळे? यातले तेराच माझे आहेत."

"मुंबईला हेच चाळीस लागणार. तुझ्याकडे असले म्हणजे तुला यावंच लागेल."

अनीश पत्ते पुन्हा पुन्हा सारखे करत राहिला. त्याला न्यायला आलेले त्याचे बाबा दारात उभे राहून हे बघत होते.

"म्हणजे दिवाळीच्या रजेचा अर्ज," ते म्हणाले, "मला मथुरेला पहिल्याच दिवशी द्यावा लागणार."