बाबारावांच्या वावरात पडलेला दगड

सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी शाळेत शिकवून परतताना उर्वशीला आपल्या वावरात एक अनोळखी माणूस दिसला. २००५ च्या एप्रिलचं ऊन, कपाशीची वाळलेली पऱ्हाटी उपटून बांधावर रचलेली, वावर सगळं उघडं पडलेलं... आणि त्यात हा गडी खांद्याला बॅग अडकवून, मान खाली घालून, हातातली काठी जमिनीवरून फिरवत, नांगराचं तास धरलेल्या बैलासारखा सरळ चालला होता.

कापसाच्या मुलखात, शेतकरी आत्महत्यांच्या त्या वर्षांत, वावरात बॅग अडकवून फिरणारा माणूस म्हणजे एक तर बियाण्याच्या कंपनीचा, नाही तर पेपरवाला. दोघांनाही गाव विटलं होतं. उर्वशीने स्कूटी बांधाशी लावली आणि तरातरा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"कोन्त्या कंपनीचे तुम्ही?"

"कंपनीचा नाही जी. दगड पाहून राह्यलो."

"आमच्या वावरात दगडाले काय कमी? न्या ना ट्रक भरून."

तो हसला. घामाने कपाळावर चिकटलेले केस, आणि डोळे मात्र थंडगार. "मले आभायातला पाह्यजे," तो म्हणाला.

त्याचं नाव संघदीप. घर पुसदला, संशोधन नागपूरला, विषय आकाशातून पडणारे दगड. मार्चमधल्या एका दुपारी आर्णीच्या आभाळात मोठा धडाका झाला होता. कुणी म्हणालं विमान फुटलं, कुणी म्हणालं खाणीचा सुरुंग. संघदीप मात्र, धुराची रेघ कुणीकडे गेली हे गावोगाव विचारत नेमका या वावरापर्यंत पोचला होता. काठीच्या टोकाला लोहचुंबक बांधलेलं. उर्वशीच्या वडिलांनी, बाबारावांनी, त्याला खुशाल शोध म्हणून सांगितलं होतं. फक्त पेरणीआधीचा वखर लागला की शोध बंद.

पोरावर नजर ठेव, असं रुखमाबाईने लेकीला पहिल्या दिवशी बजावलं. दुसऱ्या दिवसापासून बजावायची गरज राहिली नाही. उन्हाळ्याची सुट्टी लागली होती आणि उर्वशी आपणहूनच पाण्याची कॅन घेऊन वावरात जाऊ लागली. तो एका तासातून चाले, ती शेजारच्या. इथला काळा दगडसुद्धा चुंबकाला थोडी ओढ देतो, त्यामुळे प्रत्येक दगड उचलून पाहावा लागे. दोघं एकाच दगडाला वाकले की मग... दगड राहून जाई.

चालता चालता तो मंगळाच्या गोष्टी सांगे. तिथे माणसाने पाठवलेली एक गाडी फिरत होती. याच जानेवारीत तिला असाच एक लोखंडी दगड सापडला होता, आभाळातून मंगळावर पडलेला. आणि आता ती गाडी वाळूत चाकं रुतून बसली होती. उर्वशीचा त्या गाडीत जीव अडकला. आर्णीच्या नेट कॅफेतून तो बातमी घेऊन आला, की आजारी माणसाची विचारपूस करावी तसं ती विचारी, "निघाली का?"

जूनच्या सुरुवातीला तो म्हणाला, निघाली. उर्वशीने इतका मोठा श्वास सोडला की ती बांधावरच बसली. पण त्याच संध्याकाळी घरात दोन गोष्टी तिच्या कानावर आल्या. ढग दिसायला लागले, आता वखर काढायचा. आणि लोहारा गावातल्या कारखान्यातला एक मुलगा तिला पाहायला येणार आहे.

वडिलांकडे तिने कधी काही मागितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गोठ्यापाशी गेली. बाबाराव वखराची लोखंडी पास ठोकत होते. तिने अडखळत सांगितलं, की आठ दिवस थांबता आलं तर... तो दगड अजून...

"कोन्ता दगड?" बाबारावांनी हातोडी खाली ठेवली. "तो तं बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्याच दिवशी सापडला. नागपूरले बी गेला."

उर्वशीने वळून वावराच्या दिशेने पाहिलं.

"मले येऊन खरं सांगतलं त्यानं. म्हने, काका, तरी बी येऊ द्या थोडे दिवस. म्या म्हटलं, ये. पन पोरीले तूच सांग, अन् वखर लागाच्या आत सांग." मग मान वर न करता ते म्हणाले, "लोहाऱ्याच्या पावण्यायले म्या थांबवलं आहे."

रात्रभर छातीवर बसलेलं ओझं कुणी अलगद उचलून घ्यावं, तसं झालं तिला. हसू आलं, आणि रागही आला. ती तशीच वावरात गेली. संघदीप मन लावून शोधत होता!

"सापडला का?" तिने विचारलं.

"नाही ना अजून..."

"द्या बरं ती काठी." तिने काठी घेतली, जमिनीवरून फिरवली, आणि मग हळूच त्याच्या शर्टाच्या खिशापाशी नेली. आतल्या किल्ल्या टक्‌ करून चुंबकाला चिकटल्या. "इथं काहीतरी ओढ घेऊन राह्यलं."

तो कानापर्यंत लाल झाला. "त्या... किल्ल्या आहेत."

"बाबा म्हनत होते, दगड कवाचाच नागपूरले गेला."

संघदीपने खिसा चुंबकापासून सोडवला. वाऱ्याने बांधावरच्या पऱ्हाट्या खुळखुळल्या. मग तो म्हणाला, "रोज ठरवतो, आज सांगायचं. तू दिसली की वाटते... आजचा दिवस जाऊ दे."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो तिला 'तू' म्हणाला होता. ते त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं.

"मले पेरनी झाल्यावर बी यायचं आहे, उर्वशी. बिनकामानं. तुह्यासाठी."

ती हसली. पाण्याची कॅन त्याच्या हातात देताना तिची बोटं थोडी जास्त वेळ तिथेच राहिली.

"उद्या जेवाले घरी ये," ती म्हणाली.

'या' म्हणता आलं असतं. तिने 'ये' म्हटलं.