दोन इंची स्क्रू

“आजही ओली!” मामीने गादी उचलली. मामा खो खो हसला. “काय पिटूशेठ, रात्री बोट चालवत होतात की काय?”

सात वर्षांचा पिटू बहिणीच्या मागे लपला. मामाच्या गाडीमागे जोडलेल्या चाकांवरच्या घरात सुट्टी घालवायची म्हणून तो महिनाभर नाचत होता! आता मात्र तिला बिलगून म्हणाला, “ताई, मला घरी जायचंय. मी नाही गं केलं. शप्पथ!”

ताईला स्वतःची लाज वाटली. काल तीही हसली होती.

“ढब्बू, नीट बघ,” तिने मामेभावाला हाक मारली. “ओलं कुठे आहे?”

“उशीपाशी! अगं, डोक्याकडून कोण करतं?”

हसण्याच्या नादात मोठ्यांना एवढंही दिसू नये, म्हणजे कमालच!

उशीच्या वर पिटूच्या दप्तरासाठी मामाने हुक मारला होता. “दोन इंची स्क्रू आहे, हत्ती टांगा!” अशी फुशारकीही मारली होती. ताईने खिडकीच्या कडेला पट्टी लावून भिंतीची जाडी मोजली. जेमतेम एक इंच!

“मग उरलेला इंच गेला कुठे?”

तिघं बाहेर धावले. पत्र्यातून स्क्रूचं टोक ऐटीत डोकावत होतं! रोज पहाटे पाऊस पडायचा, तो तिथूनच आत झिरपत होता.

“उगाच काहीतरी!” मामाने हात झटकले.

ताईने मामाला आत हुकाखाली हात धरायला लावला आणि ढब्बूने बाहेरून स्क्रूवर तांब्याभर पाणी ओतलं. आत हुकावरून थेंब टपकला. टप्! थेट मामाच्या तळहातावर.

मामाचा चेहरा पडला. तो पिटूसमोर खाली बसला. “चुकलो रे बाळा. तू सांगत होतास, मी ऐकलंच नाही.”

त्याने स्क्रू काढून भोक पुट्टीने बुजवलं. ढब्बू भिंत ठोकत गेला. “पोकळ... पोकळ... ठक्! इथे आत लाकडी पट्टी आहे, बाबा!” तिथे अर्ध्या इंचाच्या स्क्रूने हुक पक्का बसला.

“आमच्यापेक्षा पोरंच शहाणी,” मामी म्हणाली.

इतक्यात शेजारच्या तशाच चाकांवरच्या घरातल्या काकूंनी वाळत घातलेली गादी पाहून विचारलं, “कोणी ओली केली हो?”

पिटूने मान खाली घातली. पण मामा दारात उभा राहून खणखणीत आवाजात म्हणाला, “मी!”

काकू बघतच राहिल्या. पिटू मात्र पोट धरून हसत सुटला.